सतरा नंबरचं माहेर

४ फेब्रुवारी

चिंगळे,

आशीर्वाद घे, आणि आधी मला एवढंच सांग, तुमच्या त्या डॉक्टरला त्याच्या आईने काही वळण लावलंय की नाही?

काल सकाळी दूध काढायला फ्रीज उघडला, तर दुधाला चिकटून एक बाटली. आत पाण्यात बोटाच्या पेराएवढं काहीतरी करडं तरंगत होतं, कडेला झिरमिळ्या सुटलेल्या. मी झाकण काढून वास घेतला. घ्यायला नको होता गं. नाकात शिरला तो दिवसभर निघाला नाही, चहासुद्धा तसलाच लागला. बाटली गेली कचऱ्यात, पाठोपाठ दूधही गेलं. तेवढ्यात माडीवर मुक्कामाला असलेला डॉक्टर टॉवेल सावरत जिन्यावरून धावत खाली. "आजी, तो मुशीच्या पराचा तुकडा होता! शार्कचा नमुना होता तो!" मी म्हटलं, "नमुना तू आहेस. आईच्या फ्रीजमध्ये ठेवशील का असलं?" तर म्हणतो, ठेवतो. शी! तरी मला तो आवडतो. बूट बाहेर काढतो आणि जेवल्यावर ताट घासतो.

गल्लीतल्या बायकांना वाटतं डॉक्टर म्हणजे औषधाचा. रोज कुणीतरी गुडघा घेऊन येते. माशांचा डॉक्टर आहे म्हटलं तरी गुडघा पुढे करतातच.

आता खरी गंमत. मी होडीवर गेले! तू इकडे असताना तुझ्या मामाने मला कधी धक्क्याच्या पुढे येऊ दिलं नव्हतं. पण मुशीच्या डोळ्यांवर घालायची फडकी मी शिवली ना, तुझ्या आजोबांच्या जुन्या सदऱ्यांची, दुहेरी, मऊ. डॉक्टर म्हणाला, ज्यांनी शिवली त्यांनी बघायला हवं. मामा होडीचा तांडेल असला तरी त्या दिवशी त्याचं चाललं नाही.

मुशी केवढी होती म्हणून सांगू. मी आणि माझ्यावर अर्धी मी. होडीच्या कडेला कापडाच्या झोळीत घेतली, तोंडात पाण्याची नळी दिली, आणि मामाने माझं ओलं फडकं तिच्या डोळ्यांवर ठेवलं. धडपड एकदम थांबली गं! तापातल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तशी गप्प झाली. मी हात लावला तर अंग घासकागदासारखं. त्या आधी तिने पोटातलं सगळं डॉक्टरच्या पायांवर ओकून टाकलं होतं. ते बघून डॉक्टरनेही कडेला वाकून आपलं ओकून टाकलं. दोघांचं एकदमच. मी हसून हसून खाली बसले, आणि बसले ती नेमकी त्यातच.

मग त्याने तिच्या पोटावर यंत्र फिरवलं. तू पोटात असताना तुझ्या आईला नेलं होतं तसलंच, छोटं. पडद्यावर पोरं! नऊ मोजली. एक हललं म्हणून परत मोजावी लागली, पण नऊच. पाठीवरच्या परावर साबणाच्या वडीएवढा तो टॅग बसवला, वर तार, बाजूला नंबर सतरा. झोळी सोडली आणि ती गेली. फडकं तेवढं माझ्या हातात राहिलं. अजून धुतलेलं नाही. धुवायला हवं, वास येतोय.

ती कुठे गेली ते मला कळव. फोनवर नको. तू फोनवर बोललीस की मला ऐकू यावं म्हणून मामी तो मोठ्याने लावते आणि अख्ख्या गल्लीला कळतं तुला सर्दी झालीय म्हणून. पत्र लिही.

तुझी आजी


१३ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तू तो नमुना कचऱ्यात टाकलास! डॉक्टर परवा इकडे आले तेव्हा ऑफिसात मी ते वाचून दाखवलं आणि डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. यापुढे फ्रीजमध्ये आमची काही डबी, बाटली दिसली तर हात लावायचा नाही. उघडायची नाही, वास घ्यायचा नाही. शपथ घे.

तुझ्या सतरा नंबरचं ऐक. ती पाण्यावर आली आणि पर वर निघाला की टॅग आकाशातल्या उपग्रहाला हाक मारतो. ती हाक माझ्या कॉम्प्युटरवर ठिपका होऊन येते. पाणी लागलं की गप्प, हवा लागली की बोलतो. सतरा नंबर आधी खोल पाण्यात गेली, आता हळूहळू किनारा धरून उत्तरेला निघाली आहे. रोज सकाळी चहा घेऊन मी आधी तिलाच बघते.

हे ठिपके आम्ही कुणाला दाखवत नाही. मदत करणाऱ्या होड्यांच्या तांडेलांनाही नाही. तशी सहीच आहे सगळ्यांची: टॅगवाली मुशी जाळ्यात आली तर सोडायची, आणि काम संपेपर्यंत जागा विचारायची नाही. पण तू थोडीच जाळं टाकायला जाणार आहेस? म्हणून तुला दर पत्रात कळवीन. तुझ्यामाझ्यातच ठेव.

इथे माझं काम काय, तर मेलेल्या माशांची पोटं उघडून आत काय आहे ते मोजायचं. काल एकीच्या पोटात चप्पल निघाली. डाव्या पायाची. दोन दिवस माझं जेवण गेलं नाही.

तुझी,
चिंगळी


२ मार्च

चिंगळे,

चप्पल ऐकून मलाही जेवण गेलं नाही, आणि तरी चार जणींना सांगितलं. असलं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ठिपक्यांचं मात्र कुणाला नाही सांगितलं हो. शपथ म्हणजे शपथ.

माझ्या चष्म्याची काडी मोडली. त्यातून तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. दोन ओळी वाचल्या की मुंग्या चालायला लागतात. मी तिसरीत शाळा सोडली ती बाईंचा खडू कानावर बसला म्हणून. ते जाऊ दे. तर मी पत्र हातात घेऊन बसले होते आणि मामा आला. "दे आई, मी वाचून दाखवतो," म्हणाला. ज्या माणसाने पोरांच्या शाळेची चिठ्ठी कधी उलगडून पाहिली नाही, तो! माझ्या पायाशी बसला आणि इतकं गोड वाचलं, तू असतीस तर तुझे डोळे भरून आले असते. "उत्तरेला निघाली आहे" हे मी परत विचारायच्या आत त्यानेच परत वाचलं. मग म्हणाला, "आई, पुढचं पत्र कधी येईल?"

मी तुझ्या मामीला म्हटलं, बघ, पन्नाशीत का होईना, गोडी लागली. मामी कपाळाला बाम चोळत आत गेली. तिचं डोकं दुखत होतं.

पुढचं लवकर लिही. आम्ही दोघं वाट बघतोय.

तुझी आजी

ता. क. – ते फडकं धुतलं. तीन वेळा. वास गेला नाही.


१८ मार्च

प्रिय आजी,

मामा वाचतो हे वाचून क्षणभर दचकले, मग बरंच वाटलं. डॉक्टरांचा नियम आहे खरा, पण मामा आपल्यातलाच. पहिला टॅग बसवताना झोळी त्यानेच धरली होती. मामापर्यंत ठीक. त्याच्यापुढे नको.

मामा, वाचताय ना? मोठ्याने वाचा, आजीला ऐकू यायला हवं.

आजी, सतरा नंबर पोचली! बंद पडलेल्या दीपस्तंभाच्या मागे, दोन बेटांच्या मधे जे उथळ पाणी आहे तिथे. आठ दिवस तिथून हललेली नाही. आणि एकटी नाही. चार नंबर, नऊ नंबर, अशा मिळून आमच्या सात जणी तिथे आहेत, आणि सातही पोटुशा. डॉक्टरांना तीन वर्षांपासून संशय होता: या मुशी पिल्लं घालायला, जिथे स्वतः जन्मल्या तिथेच परत येतात. शेकडो कोस पोहून बाळंतपणाला माहेरी येतात, आजी! त्या उथळ पाण्यात मोठे मासे शिरत नाहीत, म्हणून पिल्लं तगतात.

आणखी पंधरावीस दिवस हे ठिपके असेच मिळाले की ते सिद्ध होईल. मग दरवर्षी तीन महिने तिथे जाळी टाकायला बंदी मागता येईल. एवढंच हवंय. पंधरावीस दिवस.

सकाळी सात ठिपके एका जागी बघते आणि उगाचच खुर्चीत गोल फिरते.

तुझी,
चिंगळी


३ एप्रिल

चिंगळे,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी हवेत आहे. माहेरी आली! मी ते मामाकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचताना तो जरा घाईत होता, पत्र खिशात घातलं, म्हणाला, असू दे माझ्याकडे.

दोन दिवसांनी तो होडी घेऊन गेला, सोबत आणखी तीन होड्या. मी म्हटलं डॉक्टरचं काम आहे का, तर हूं म्हणाला. गेल्यावर बघते तर माझी फडकी खुंटीलाच. इतका कसा गं विसराळू? मी धक्क्यापर्यंत पळत निघाले होते, पण होड्या गेल्या होत्या.

परवा परत आला. चार दिवसांची दाढी, आणि अंगाला असा वास की मी नाकाला पदर लावला. पन्नास वर्षं या घरात मासळीचा वास आहे, मला तो वास वाटतही नाही. पण हा काही वेगळाच, गोडसर, कुजका, रक्ताचा. म्हटलं, काय रे लोळलास कशात? तर हसला. मग दिवसभर होडी धूत बसला, साबण लावून, दोनदा. मी धक्क्यावर जाते म्हटलं तर मला हात धरून दारातूनच परत आणलं. "घाण आहे तिथे, घसरशील आई." किती काळजी! तुझ्या आजोबांनी कधी एवढं विचारलं नाही.

फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात एक नवी डबी आलीय, पत्र्याची, वरून काळी पट्टी गुंडाळलेली. डॉक्टरची नवी घाण, दुसरं काय; तो इथे नाही म्हणून मामाने आणून ठेवली असेल. पण शपथ आठवली. हात लावला नाही, वासही घेतला नाही. मटारांच्या मागे ढकलून ठेवली. बघ, सुधारले की नाही मी?

सतरा नंबर बाळंत झाली का? नऊच्या नऊ का?

तुझी आजी


९ एप्रिल

आजी,

हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तूच वाच. कुणाकडूनही वाचून घेऊ नकोस.

डॉक्टर २० मार्चपासून इथे शहरातच आहेत. मामाला त्यांनी कसलंही काम दिलेलं नव्हतं. फ्रीजमधली डबी त्यांची नाही.

३० मार्चपासून एकेक ठिपका बंद होत गेला. सतरा नंबर शेवटी बोलली १ एप्रिलला. दीड तास सलग बोलत होती. टॅग सलग बोलतो तो हवेत असतो तेव्हा, आजी. पाण्यात असा बोलत नाही. आणि ठिपका आपल्या धक्क्यावर होता. मग थोडा पुढे, आपल्या गल्लीच्या तोंडाशी. मग बंद.

डॉक्टर विचारताहेत, जागा कुणाला माहीत होती. मी अजून काही बोललेले नाही. बोलले तर मी इथे राहते की नाही, सांगता येत नाही. न बोलून रोज त्यांच्यासमोर बसवत नाही.

ती डबी उघड. मला खरं काय ते सांग.

चिंगळी


१५ एप्रिल

चिंगळे,

वाचलं. काडी दोऱ्याने बांधली आणि मीच वाचलं. एक दुपार लागली.

डबी उघडली. मामी ओट्यापाशी उभी होती. मी सुरी शोधत होते तर तिनेच पुढे केली. म्हणजे तिला माहीत होतं. पट्टी कापली. आत साबणाच्या वडीएवढा टॅग, तार वाकडी झालेली. स्क्रूला अजून पराचा तुकडा, आणि त्याच्यावर बर्फ. बर्फ बोटाने पुसला. सतरा.

नासका वास नव्हता गं. बर्फात वास येत नाही. तरी मला ओकारी आली. बेसिन गाठता आलं नाही.

मग मी धक्क्यावर गेले. घसरले नाही. बर्फकारखान्यातली बाई, जी गोणी ओढते, ती आधी काही सांगेना. मी म्हटलं, मी त्याची आई आहे, माझ्यापासून काय लपवतेस? तर म्हणाली, "आजी, आईपासूनच लपवायचं असतं." मग सांगितलं. चार होड्या भरून आल्या. दीपस्तंभाच्या मागे रांगेत जाळी लावली होती, जागा चुकलीच नाही. सगळ्यांची पोटं इथेच फाडली. पिल्लं पूर्ण वाढलेली होती, हातभर. काही तोंड उघडत मिटत होती. पाय देऊन देऊन गटाराकडे सारली. घसरायला होत होतं म्हणून वर भुसा टाकला.

भुसा अजून आहे. मी बघितला. त्या चिखलात माशा बसल्या होत्या, आणि त्या उठतसुद्धा नव्हत्या, इतक्या पोट भरून.

मामाच्या होडीवर कुणी नव्हतं. मी चढले, एकटी, कुणी हात धरायला नव्हता. गळाला लावायचं आमिष ठेवतात ते खोकं उघडलं. बर्फात पिल्लं. एकावर एक, रचून, डोळे उघडे. कुणाची ते सांगता येत नाही. पण मी मोजली. नऊ होती.

आता मला सांग, मी काही नाजूक बाई आहे का? तुझ्या आजोबांनी जन्मभर मुशी मारल्या. मी त्या कापल्या, खारवल्या, डोक्यावरून विकल्या. मेलेल्या मुशीची मला किळस नाही. मला कशाची किळस आली ते ऐक.

तो जेवायला बसला होता. मी डबी त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

म्हणाला, "तू कशाला उघडलीस?"

"तुझ्या भाचीने सांगितलं म्हणून."

हात धुतला नाही, तसाच बोलायला लागला. "आई, सही घेतली तेव्हा मला कुणी म्हणालं का, शेवटी ती जागाच बंद करणार म्हणून? मीच मासा धरायचा, मीच झोळी धरायची, मीच त्यांना दाखवून द्यायचं, आणि मग तीन महिने मीच घरी बसायचं? मी माझ्याच हाताने माझं जाळं फाडू?"

"मग डॉक्टरशी भांडायचंस. चार माणसांत उभा राहून भांडायचंस. मी आले असते तुझ्या बाजूने ओरडायला."

"मासाच होता तो, आई."

"मग मासा म्हणून धरायचास! पाणी बघून, वारा बघून, हाताला यश असेल तर. पत्र वाचून धरतात होय रे मासे? तुझा बाप असता तर त्याने होडी जाळली असती."

"बाबांच्या वेळी मासळी होती."

"आणि माझ्या पायाशी कशाला बसलास? मागून घ्यायचं होतंस पत्र, चोरायचं होतंस. तू आई म्हणून वाचून दाखवलंस. दोन्ही पत्रं. गोड आवाजात."

मामीने त्याच्या पुढचं ताट उचललं.

चिंगळे, हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला पोटच्या पोराची किळस आली. हात धुऊन आल्यावर त्याने तो पुढे केला तर मी मागे सरकले. मुशीने ओकलेलं माझ्या अंगाला लागलं होतं तेव्हा मी हसले होते. आणि त्याचा धुतलेला हात मला लागू नये असं वाटलं. आणि त्याहून किळस माझी. पुढचं पत्र कधी येईल म्हणून तो विचारत होता, आणि मी गल्लीभर सांगत होते, माझा लेक सुधारला.

आता काम. डबी याच्याबरोबर पाठवते आहे. पोस्टातल्या माणसाने आत काय विचारलं, मी म्हटलं, एका बाईची शेवटची वस्तू. त्याने वर जपून ठेवा असा शिक्का मारला. डबी डॉक्टरच्या हातात दे, आणि सगळं सांग. मामाचं नाव लपवू नकोस, तो माझा लेक आहे म्हणून नको. माझंही सांग. आणि तू जे लिहायला नको होतं ते लिहिलंस, तेही तुझ्या तोंडाने सांग, त्याला दुसरीकडून कळायच्या आत. त्याने काढलं तर काढलं. काढलं तर इकडे येऊ नकोस लगेच, आधी थोडी रड आणि मग ये. न सांगता राहिलीस तर तुला तो वास लागेल. मी तीनदा धुतलंय, मला माहीत आहे, जात नाही.

तुझी आजी


१० मे

प्रिय आजी,

डबी मिळाली. शिक्क्यासकट.

सांगितलं. सगळं, उभं राहून. डॉक्टरांनी टॅग हातात घेऊन त्याची तार सरळ केली. मग म्हणाले, "माझ्याच नियमातून आजी सुटल्या होत्या, त्यांची सही मी घेतलीच नव्हती. मीही त्यांना होडीवर नेलं." नंतर मला म्हणाले, ठिपक्यांच्या नकाशावरून तू बाजूला. वर्षभर. वर्षाने बघू. काढलं नाही. आता मी पूर्ण वेळ पोटं उघडते. रात्रंदिवस तोच वास. तक्रार नाही.

समुद्रात फेकला तर टॅग तरंगून बोलेल, म्हणून मामाने तो पत्र्यात कोंडला असणार. पण एक गोष्ट आम्हाला माहीत होती, मामाला नव्हती. टॅग नुसता हाक मारत नाही, आत टिपूनही ठेवतो. किती खोल, पाणी किती गार. तो हातात आला तरच ते वाचता येतं, आणि मुशीवरचा टॅग सहसा हातात परत येतच नाही. सतरा नंबरचा आला. ती त्या उथळ पाण्यात बावीस दिवस होती, तासातासाचं लिहिलेलं आहे. मग एकदम उन्हातला ताप. मग उणे अठरा, उणे अठरा, उणे अठरा, पंधरा दिवस. तुझा फ्रीज, आजी. डॉक्टरांनी तो कागद तसाच बंदीच्या अर्जाला जोडला. शेवटच्या ओळीसकट. आठवडाभरात सरकारकडून उत्तर आलं: यंदा ऐकून घेतील. एवढंच, पण याआधी तेवढंही नव्हतं.

मामाच्या होडीशी करार संपला. ते त्याला कळलंच असेल.

आणि आणखी एक. चार नंबर बोलली. ती जाळ्यातून सुटली होती. परवा सकाळी बाजूच्या कॉम्प्युटरवर ठिपका आला, मी लांबून बघितला. ती कुठे आहे ते मी लिहिणार नाही, आजी. तुलाही नाही. तू रागावणार नाहीस ना?

तुझी,
चिंगळी


२३ मे

चिंगळे,

रागावू कशाला? चांगलं केलंस. लिहिलं असतंस तर मी पत्र चुलीत घातलं असतं. चार नंबर कुठेही असू दे. तिने या वर्षी कुणालाच माहेर म्हणू नये.

रोज पोटं उघडतेस तर हाताला साबणाच्या आधी कोरडं मीठ चोळ. पूर्ण नाही जाणार, पण जेवता येईल.

पलीकडच्या गल्लीत एक तांडेल बाई आहे, नवऱ्यामागे होडी तीच चालवते, तोंडाने फार फटकळ. डॉक्टरने तिला विचारलंय म्हणे. ती परवा दारात आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हातारे, फडकी दे, आणि वाचणारं कुणी घरात असेल तर मला आत बोलवू नकोस." मला आवडली. सात फडकी शिवून दिली. जुनं, ते वासाचं, दिलं नाही. तिला सांगितलं, फडकं आधी ओलं कर, आणि ते मुशीच्या डोळ्यांवर आहे तोवर तू दुसरीकडे बघायचं नाहीस. म्हणाली, मला अक्कल शिकवू नकोस, होडीवर यायचंय का ते सांग. येते म्हटलं. गुडघा दुखतोय, पण डॉक्टरला दाखवीन म्हणते.

मामा या घरातच आहे. मी त्याला ताट वाढते. जेवतो, उठतो. तुझं पत्र आलं तेव्हा तो दारातच होता, पोस्टमनने त्याच्याच हातात दिलं. त्याने ते माझ्यासमोर धरलं, फोडलेलं नव्हतं. खाली बघून विचारलं, "आई, वाचून दाखवू?"

मी म्हटलं, "नको. मी वाचते."

तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी एवढंच कळलं की तू अजून तिथेच आहेस, मग बाकीचं सावकाश वाचलं. मुंग्या आता चालत नाहीत, मी बोट ठेवलं की थांबतात. दुसऱ्या पानावर, चार नंबरच्या थोडं आधी, मामाच्या होडीच्या ओळीत, एक शब्द मात्र काही केल्या लागला नाही. सगळ्या बाजूंनी बघितला. मामा समोर बसून जाळं विणत होता. दोनदा मान वर करून त्याने बघितलं, मी कुठे अडले ते. मी त्याला विचारलं नाही.

तो शब्द तसाच ठेवलाय. तू येशील तेव्हा सांग.

तुझी आजी